दोन बॅगांत मावलेला जटायू : कॅनडातली फ्रिंजवारी

फ्रिंज म्हणजे छोट्या, स्वतंत्र नाट्यप्रयोगांचे महोत्सव. कॅनडातल्या अशा महोत्सवांत प्रयोगांची निवड सोडत काढून होते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. संहिता वाचायला मागत नाहीत, व्हिडिओ मागत नाहीत, आधी कुठे बक्षीस मिळालंय का तेही विचारत नाहीत. अर्ज करायचा, सोडतीत नाव निघालं की शुल्क भरायचं, आणि प्रयोग पक्का.

आपल्याकडची हौशी आणि प्रायोगिक रंगभूमी स्पर्धांवर पोसली गेली. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा आहे, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा आहेत. त्यातून केवढे नट आणि लेखक मिळाले! त्याबद्दल मनात आदरच आहे. पण एकटीने बाहुल्या नाचवणारी बाई यातल्या कुठल्या गटात बसते? फार तर बालनाट्यात. माझी गोष्ट लहान मुलांची नाही हे सांगता सांगता मी थकून गेले होते. म्हणून ही सोडत मला इतकी महत्त्वाची वाटली. तिथे कोणी गट विचारत नाही.

माझा प्रयोग जटायूचा. रावणाने सीतेला पळवलं आणि म्हातारा जटायू आडवा आला, एवढाच प्रसंग, जेमतेम पाऊण तासाचा. कळसूत्री बाहुल्या मी कुडाळजवळच्या पिंगुळीत शिकले. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना पिंगुळी माहीत झाली. मी जन्माने ठाकर नाही. त्यामुळे ही कला कोणाची आणि मी कोणाकडून घेतली, हे प्रत्येक प्रयोगाच्या आधी सांगते. कॅनडातही सांगत होते.

निघण्यापूर्वीची तयारी हाच एक मोठा प्रवास होता. सगळं नाटक तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांत बसवायचं होतं. बांबूची चौकट गेली, ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. काळ्या पडद्याचं कापड आग न धरणारं हवं, ही तिथल्या नाट्यगृहांची अट. लंकेचा प्रसंग मी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी करते आणि त्याला तेलाचा दिवा लागतो. उघडी ज्योत मंचावर चालणार नव्हती, म्हणून एलईडी बसवला आणि ज्योतीसारखा थरथरावा म्हणून त्याच्यापुढे हाताने हलवायची एक झिरझिरीत पट्टी लावली. मोरपीस देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे मुकुटावरची खरी पिसं उतरवून रंगवलेल्या कापडाची शिवली. बाहुल्या नेऊन परत आणायच्या तर एटीए कार्ने, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या सामानाचं सीमाशुल्काचं कागदपत्र, काढावं लागतं. भारतात ते फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून मिळतं. त्यात एकेका बाहुलीचं वर्णन, वजन आणि किंमत लिहायची असते. रावणाची किंमत लिहिताना हात थबकला. पांगाऱ्याचं लाकूड स्वस्त असतं, पण त्या चेहऱ्यामागे सावंतवाडीच्या कारागिराचा सबंध पावसाळा गेलेला होता.

पहिला मुक्काम विनिपेग. इथला महोत्सव १९८८ पासून रॉयल मॅनिटोबा थिएटर सेंटर ही नाट्यसंस्था भरवते. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एक्सचेंज डिस्ट्रिक्ट हा विटांच्या जुन्या गोदामांचा भाग, भिंतींवर शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिराती पुसट झालेल्या, आणि मधोमध ओल्ड मार्केट स्क्वेअरवर दिवसभर गाणी आणि कसरती. डास मात्र कोकणातले परवडले!

फ्रिंजमध्ये मंच तुमचा नसतो, तुमच्या वाट्याची वेळ तेवढी तुमची असते. एकाच नाट्यगृहात दिवसभर एकामागून एक वेगवेगळे प्रयोग लागतात. आधी एकदाच तंत्रज्ञाबरोबर तालीम मिळते. त्यात दिवे ठरवायचे, आवाज ठरवायचा आणि त्याच्या वहीत खुणा करून घ्यायच्या. नंतर रोज पंधराएक मिनिटांत चौकट उभी करायची आणि प्रयोग संपला की तितक्याच वेळात उतरवायची, कारण दाराशी पुढचा कलाकार सामान घेऊन उभा असतो. बाहुल्यांचे दोरे या घाईत गुंतले की संपलंच. मी प्रत्येक बाहुलीसाठी खाचा पाडलेली पुठ्ठ्याची फिरकी केली, दोरा तिच्यावर गुंडाळायचा आणि मंचावर सोडतानाही क्रम तोच. रावण शेवटी, कारण त्याचे दोरे सगळ्यांत जास्त.

आणि वेळ म्हणजे वेळ. तिसऱ्या घंटेनंतरही खुर्च्या शोधत फिरणाऱ्या आपल्या प्रेक्षकांना तिथलं दार आठवणीत राहील. ठरल्या मिनिटाला ते बंद होतं, मग येणारा कोणीही असो. माझी यजमानीण पार्किंग शोधताना अडकली आणि तिलाही बाहेर राहावं लागलं. त्या शिस्तीचा मला आधार वाटला. जटायू पहिल्यांदा मान वर करतो तेव्हा सभागृहात चिडीचूप असावं लागतं, आणि ते तसं असायचं.

यजमानीण म्हणाले, कारण बाहेरून आलेल्या कलाकारांना गावातली माणसं आपल्या घरी उतरवून घेतात. महोत्सव गाठ घालून देतो. माझी यजमानीण निवृत्त शिक्षिका होती. तिच्या तळघरात मी रोज रात्री बाहुल्या टांगून ठेवायची.

प्रेक्षक कसे मिळवायचे? पत्रकं वाटून, तेही रांगेत. दुसऱ्यांच्या प्रयोगासाठी लोक रांग लावून उभे असतात, हातात कार्यक्रमपुस्तिका आणि पेन. तुम्ही नम्रपणे विचारायचं, "माझ्या प्रयोगाबद्दल सांगू का?" बहुतेक जण हो म्हणतात. अर्ध्या मिनिटात सांगून टाकायचं आणि पुढच्या माणसाकडे सरकायचं. मी पत्रकाआधी जटायू पुढे करायची. "हा म्हातारा पक्षी आहे. आपण हरणार हे त्याला ठाऊक आहे. तरी तो उडतो." एवढं बोलून वेळ आणि नाट्यगृहाचा क्रमांक सांगायची. पहिल्या प्रयोगाला दहा-बारा माणसं होती. पण तीच पुढे दुसऱ्या रांगांमध्ये उभी राहिली आणि बोलली, आणि शेवटच्या दोन प्रयोगांना खुर्च्या उरल्या नाहीत. तिथे तोंडी शिफारशीला फार किंमत आहे. स्थानिक वर्तमानपत्रं परीक्षणात प्रयोगांना तारे देतात. ते मिळाले की कलाकार लगेच कागदाच्या पट्ट्यांवर छापून आपापल्या पोस्टरांवर स्टेपल करत सुटतात.

विनिपेगहून निघताना एका ऑस्ट्रेलियन कथाकाराच्या गाडीत जागा मिळाली. फ्रिंजची माणसं अशीच जूनमध्ये पूर्वेकडून निघून पश्चिमेकडे सरकत जातात. माँट्रियल, ओटावा, टोरोंटो, विनिपेग, सास्काटून, एडमंटन, मग व्हिक्टोरिया, व्हँकुव्हर. तीच तोंडं गावोगाव भेटतात, एकमेकांचं सामान उचलतात, एकमेकांचे प्रयोग बघतात. येलोहेड महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कॅनोलाची, म्हणजे मोहरीसारख्या तेलबियांची, पिवळी शेतं आणि मधूनच एखादं उंच धान्याचं कोठार. सास्काटूनला ब्रॉडवे ॲव्हेन्यूवर मी फक्त प्रेक्षक होते, आणि तेही हवंच होतं.

एडमंटनची गोष्ट वेगळी. १९४७ मध्ये एडिनबरोच्या मोठ्या महोत्सवात आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना येऊन थडकल्या आणि फ्रिंज सुरू झाला. त्यापासून स्फूर्ती घेऊन ब्रायन पेस्ली यांनी १९८२ मध्ये एडमंटनला उत्तर अमेरिकेतला पहिला फ्रिंज भरवला. ओल्ड स्ट्रॅथकोना या भागात तो ऑगस्टमध्ये होतो. मुख्य जागा म्हणजे पूर्वीचं बसगाड्यांचं आगार. रस्त्यावर कांद्याच्या पातीचे चिनी पराठे मिळतात, त्याशिवाय म्हणे फ्रिंज झालाच नाही. मीही रोज खाल्ले. प्रयोगाआधी, ही भूमी मूळ रहिवाशांची आहे आणि ब्रिटिश राजसत्तेने त्यांच्याशी केलेल्या सहाव्या कराराच्या क्षेत्रात येते, अशी घोषणा व्हायची. तिच्या पाठोपाठ मी पिंगुळीच्या ठाकरांचं नाव घ्यायची. ते एकामागून एक ऐकताना मला फार बरं वाटायचं.

तिथली हवा कोरडी आणि त्या आठवड्यात वणव्यांचा धूर. पांगारा कोकणातल्या दमट हवेत घडलेला. पहिल्याच दिवशी जटायूच्या डाव्या पंखाची खुंटी आकसून सैल झाली आणि पंख नुसता लोंबायला लागला. खुंटी काढली, तिच्यावर सुती दोऱ्याचे वेढे घट्ट घेतले, वरून मेण चोळलं आणि परत बसवली. पंख उचलताना किंचित अडखळून वर जायला लागला. म्हाताऱ्या पक्ष्याला ते शोभलं. मी ते तसंच ठेवलं, अजूनही तसंच आहे.

एका प्रयोगानंतर सत्तरीच्या एक बाई थांबून राहिल्या. त्यांनी विचारलं, "तो पडतो तेव्हा तुम्हीही श्वास सोडता. मुद्दाम का?" हो, मुद्दामच. पिंगुळीत मला आधी तेच शिकवलं होतं, बाहुलीचा श्वास नाचवणाऱ्याच्या छातीत असतो. इतक्या वर्षांत हे कोणी प्रेक्षकाने ओळखलं नव्हतं. बाहुल्यांकडे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसारखं बघितलं की काय काय दिसतं!

त्याच आठवड्यात एक मराठी कुटुंब आलं होतं. बरोबरचे आजोबा मूळचे सावंतवाडीकडचे. लहानपणी देवळात नवरात्रात ठाकरांचा खेळ त्यांनी हुडुक्याच्या, म्हणजे डमरूसारख्या वाद्याच्या, साथीने पाहिलेला. म्हणाले, "ताई, हुडुक्याचा आवाज रेकॉर्ड केलेला लावलात. तो माणूस पण आणा पुढच्या वेळी." त्यांचं म्हणणं मला पटलं. एकटीचा प्रयोग खर्चाला सोपा पडतो, पण हुडुक वाजवणारा बाहुलीकडे बघून वाजवतो, ध्वनिफितीला ते कसं जमणार? पुढच्या दौऱ्यात पिंगुळीचा एक तरुण वादक बरोबर असावा म्हणून आता पैशांची जुळवाजुळव चालू आहे.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते. कॅनेडियन असोसिएशन ऑफ फ्रिंज फेस्टिव्हल्सच्या सदस्य महोत्सवांचा नियम असा की कलाकाराने ठरवलेली तिकिटाची सगळी रक्कम कलाकारालाच मिळते. महोत्सव आपलं शुल्क प्रेक्षकाकडून वर घेतो. प्रवेशशुल्क काहीशे डॉलर असतं. विमानाचं भाडं मात्र तिकिटांतून निघेलच असं धरू नका, मी ते कार्यशाळा घेऊन जमवलं. आपल्याला व्हिजिटर व्हिसा लागतो. थोड्या दिवसांच्या अशा प्रयोगांना सहसा वेगळं वर्क परमिट लागत नाही, पण महोत्सवाचं पत्र जोडा आणि त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा. अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होतात, म्हणजे आपली दिवाळी आटोपते न आटोपते तोवर. अनेक शहरांसाठी एकत्र सोडतही असते. यंदा मी दोन माणसांचा प्रयोग म्हणून अर्ज भरला आहे, आणि व्हिक्टोरिया-व्हँकुव्हरचीही नावं टाकली आहेत.