एमजीएला ॲम्बॅसिडरचा ॲक्सल, आणि त्याला बसणारं ऑइल सील शोधताना – माझा अनुभव

आमची गाडी एमजीए १५००, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि तिला मागचा ॲक्सल आहे ॲम्बॅसिडरचा. हे ऐकलं की विंटेजवाले नाक मुरडतात, मुरडू देत. ऐंशीच्या दशकात आधीच्या मालकांचा क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले मुख्य गिअर) गेला तेव्हा इंग्लंडहून पार्ट मागवायचा म्हणजे लायसन्स, ड्युटी आणि ओळखीपाळखी, त्यात वर्ष गेलं असतं, मग मिस्त्रीने भंगारात जे हाताशी आलं ते लावलं. आणि ते अगदीच आंधळं काम नव्हतं. ॲम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, एमजीए पण बीएमसीचीच (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), दोन्हीकडे १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन, ॲक्सल पण त्याच घराण्यातला, बँजो हाउसिंग (मधे गोल फुगीर खोकं) आणि थ्री-क्वार्टर फ्लोटिंग (गाडीचं वजन आतल्या शाफ्टऐवजी बाहेरच्या ट्यूबवर येतं असा). फक्त ॲम्बॅसिडरचा ॲक्सल रुंद. म्हणून ट्यूब कापून परत वेल्ड केल्यात, आतले चाक फिरवणारे हाफ शाफ्ट आखूड करून नवीन स्प्लाइन (टोकाचे दाते) मारलेत, आणि टोकाला हब मात्र एमजीएचेच ठेवलेत कारण तारांची चाकं आणि तो मधला मोठा नट कोणालाच सोडवत नाही.

तर दुखणं असं होतं की ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. ड्रम उघडला तर उजवीकडचे लायनर तेलात भिजलेले, म्हणजे त्या बाजूचा ब्रेक लागतच नव्हता. डावीकडे पण ओल यायला लागलेली.

ज्यांना हा ॲक्सल माहीत नाही त्यांच्यासाठी: यात बेअरिंग हबच्या आत बसतं, हब ट्यूबच्या टोकावर फिरतो, आणि ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, हबच्या खोबणीत, बेअरिंगच्या आतल्या अंगाला. म्हणजे सील फिरतं आणि त्याची लिप (आतली रबरी कड) ट्यूबवर बसवलेल्या कॉलरवर, म्हणजे पोलादी कड्यावर घासते, कॉलर जागच्या जागी. आता बघा गंमत, सीलचं आतलं माप ठरतं ॲम्बॅसिडरच्या ट्यूबवरच्या कॉलरवरून आणि बाहेरचं माप ठरतं एमजीएच्या हबवरून. त्यात हबची खोबणी आधी कोणीतरी बोअर केलेली आणि कॉलर पण लेथवर बनवलेली, तेव्हा पार्ट नंबर नावाची गोष्टच निकालात. इंग्लंडमध्ये एमजीएचं सील आजही आरामात मिळतं, पण ते कंपनीतून निघालेल्या एमजीएला, आमच्या या कलमी झाडाला नाही.

काढलेलं सील मेट्रिक होतं, बाहेरून ७५ मिलिमीटरचं, आणि खोबणीत घट्ट बसत नाही म्हणून भोवती लाल सीलंट थापलेलं. मी ते पुण्यात नानापेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात घेऊन गेलो. पहिला प्रश्न "गाडी कुठली?" मी म्हणलं एमजी. "हेक्टर का?" नाही हो, जुनी एमजी. मग "मॉडेल?" सांगितलं, तर माणूस मोबाइलवर फोटो बघून "भारी आहे साहेब" म्हणाला आणि परत "पण सील कुठल्या गाडीचं देऊ?" दोन-तीन दुकानांत हेच झाल्यावर गाडीचं नावच घ्यायचं सोडलं, फक्त माप सांगायचं. आणि हे मी सगळ्यांना सांगेन, कन्व्हर्जन केलेल्या गाडीचं नाव काउंटरवर घेतलं की समोरचा मदत करायच्या ऐवजी कोड्यात पडतो.

पण माप कशाचं घ्यायचं? जुन्या सीलचं तर अजिबात नाही. दुकानातला पोरगा व्हर्नियर लावून लिपच्या आतून माप घेत होता, तर सीलची लिप मुळातच शाफ्टपेक्षा थोडी लहान असते, मोकळ्या सीलमध्ये माप कमीच येणार, आणि वापरलेलं सील असेल तर रबर कडक होऊन पसरलेलं, स्प्रिंग ढिली, त्यामुळे जास्त येणार. सीलवर छापलेला आकडा शाफ्टचा असतो, लिपचा नाही. मग घरी येऊन कॉलर आणि हब दोन्ही मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजले (बोअर गेज भोसरीतल्या मित्राच्या शॉपमधून उसना). डावा हब ७६.२, उजवा ७६.३. ७६.२ बघितल्यावर डोक्यात उजेड पडला, हे बरोब्बर तीन इंच. म्हणजे ज्याने बोअर केलं त्याने इंचातलं सील डोळ्यासमोर ठेवून केलं होतं, आणि नंतर कोणीतरी ते न मिळाल्यामुळे ७५ चं कोंबून सीलंटने चिकटवलं. कॉलरचं माप ५६ च्या आसपास, पण त्याला काही अर्थ नव्हता कारण लिपने घासून घासून कॉलरला खाच पडलेली, नख फिरवलं तर अडकायचं. अशा कॉलरवर सोन्याचं सील लावलं तरी गळणारच.

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे हब ८० ला बोअर करायचा आणि ६० बाय ८० बाय ८ (आतून, बाहेरून, जाडी) सील टाकायचं, ते कुठेही मिळतं, कोपऱ्यावरच्या दुकानात पण. बहुतेक मिस्त्री हेच सुचवतात. मला ते पटलं नाही. हब गेला तर स्प्लाइनवाला हब आणायचा कुठून, आणि खोबणीची भिंत अजून पातळ करायची म्हणजे चाकाशी खेळ. कॉलर मात्र लेथवर केव्हाही बनते. म्हणून दुर्मिळ वस्तूला हात लावायचा नाही, आधी हबला बसणारं सील शोधायचं आणि मग कॉलर त्या सीलच्या मापाची करायची, असं ठरवलं. लोक उलटं करतात, आधी कॉलर टर्न करून घेतात आणि मग त्या मापाचं सील शोधत फिरतात, आणि ५६.५ चं सील काउंटरवर सहजी मिळत नाही.

मग ते सील शोधायला डेक्कन क्वीन पकडून मुंबईला गेलो, नागदेवी स्ट्रीटला. ज्यांनी ती गल्ली बघितली नाही त्यांनी एकदा बघावी, बेअरिंग, सील, बेल्ट, पुली, हातगाड्या, आणि डोक्यावर खोकी घेतलेली माणसं तुम्हाला ढकलून पुढे जाणारी. पहिल्या काही दुकानांत "इंच साइज बंद झाली शेठ" हेच उत्तर. मग एका अरुंद दुकानात एक म्हातारे काका बसलेले, त्यांना मी म्हणलं बाहेरून तीन इंच, आतून दोन ते सव्वादोनमध्ये काहीही चालेल. त्यांनी गाडी विचारलीच नाही. विचारलं, "जाडी किती सूत?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. खोबणीची खोली मोजलेली होती, म्हणलं तीन सूत, चार नको, चार सूत असेल तर सील बाहेर येईल आणि ब्रेकच्या बॅकप्लेटला घासेल. ते म्हणाले, "सव्वादोन-तीन-तीन सूत, ट्रॅक्टरवाले नेतात." आणि बरोबरच आहे, मॅसी फर्ग्युसनसारखे ट्रॅक्टर मुळात ब्रिटिश डिझाइनचे, त्यांच्यात इंचातली मापं अजून जिवंत आहेत. आपण विंटेज कारच्या नावाने शोधत बसतो आणि माल ट्रॅक्टरच्या फळीवर पडलेला असतो.

त्यांनी दोन प्रकार समोर ठेवले. एक बाहेरून नुसता पत्रा असलेलं, एक बाहेरून रबर चढवलेलं. मी रबरवालं घेतलं, टीसी टाइप, म्हणजे आत स्प्रिंगवाली मुख्य लिप आणि बाहेरच्या अंगाला धुळीसाठी छोटी दुसरी लिप. पत्र्याचं सील गुळगुळीत आणि नेमक्या बोअरला छान, पण आमचा उजवा हब दशांशभर मोठा आणि आत जुन्या खरचटा, तिथे रबरच सामावून घेतं.

काका विचारत होते व्हाइटॉनचं (महागड्या रबराचं) हवं का. व्हाइटॉन २०० डिग्रीपर्यंत तग धरतं, साधं नायट्राइल रबर १०० च्या आसपास, आणि किमतीत कितीतरी फरक. मी तिथेच उभ्याने हिशोब केला, आमच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर, ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला ११ फेऱ्या मारतं, म्हणजे लिपचा घासण्याचा वेग सेकंदाला जेमतेम दोन मीटर. नायट्राइल याच्या कितीतरी पट सहन करतं. ही गाडी रविवारी सकाळी निघते आणि मिसळ खाऊन परत येते, तिला व्हाइटॉन कशाला. नायट्राइलच घेतलं, जास्तीची जोडी पण घेऊन ठेवली कारण पुढच्या वेळी ते काका आणि तो माल दोन्ही तिथे असतील याची खात्री नाही.

मग कॉलर. भोसरीत ईएन-३१ पोलादाचा बार आणून टर्न केल्या, हार्डनिंग करून ५० एचआरसीच्या (कठीणपणाचं माप) वर नेल्या आणि शेवटी ५७.१५ ला, म्हणजे सव्वादोन इंचाला ग्राइंड. इथे ग्राइंडिंगवाल्याशी थोडी वादावादी झाली. त्याला नेहमीसारखं चाक आडवं सरकवत ग्राइंड करायचं होतं, मी म्हणलं नको, प्लंज मार, सरळ आत. कारण चाक आडवं सरकलं की पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारे आटे पडतात, आणि ते आटे तेलाला हळूहळू लिपच्या बाहेर ढकलतात. "दादा, इतकं कोण बघतंय," असं म्हणत का होईना पण त्याने केलं तसं. कडेला व्यवस्थित चॅम्फर (तिरकी कड) पण मागून घेतला, नाहीतर धारदार कडेवरून सील चढवताना लिप कापली जाते आणि कळत पण नाही.

बसवताना कॉलर गरम तेलात टाकून ट्यूबवर सरकवली, पण त्याआधी ट्यूबला बेअरिंग रिटेनरचा (जागा धरून ठेवणारं चिकट द्रव्य) पातळ हात दिला. हे बरेच जण विसरतात, तेल फक्त लिपखालून येत नाही, कॉलर आणि ट्यूबच्या मधून पण झिरपतं. आमचे मिस्त्री म्हणत होते, "त्यापेक्षा टू-आरएस (दोन्ही बाजूंना सील असलेलं) बेअरिंग टाका ना साहेब, सील आतच असतंय." पण त्या बेअरिंगचं सील आतलं ग्रीस राखायला असतं, हाउसिंगमधलं तेल अडवायला नाही, वळणावर ॲक्सलमधल्या ९० नंबर गिअर तेलाचा लोंढा टोकाकडे येतो तो त्याला झेपणार नाही. सील हबमध्ये सपाट प्लेट ठेवून प्रेसवर बसवलं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे, दोन लिपच्या मधे थोडं ग्रीस.

आणि ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याची वाट. ॲक्सलच्या हाउसिंगवर एक छोटीशी टोपी असते, आमची रंग आणि मातीने पूर्ण बुजलेली होती. ॲक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नसली की ती तेलाला सीलमधूनच ढकलते. आधीची सीलं इतक्या लवकर का गेली त्याचं अर्धं उत्तर बहुतेक त्या टोपीत होतं. टोपी काढून पेट्रोलने धुतली, फुंकर मारली, झालं. कोणाच्या जुन्या गाडीचं मागचं सील गळत असेल तर हब उघडायच्या आधी हे बघा, फुकटचं काम आहे.

लायनर मात्र दोन्ही बाजूंचे नवीन लावले. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुतला, भाजला, तरी गरम झाला की परत घाम सोडतो, आणि एकाच बाजूचा बदलला तर गाडी ओढणारच. नंतर ताम्हिणी घाट उतरून माणगावला चहा प्यायलो तेव्हा हबला हात लावून बघितला, गरम होता पण हात ठेवता येत होता. पाऊस संपल्यावर ड्रम परत उघडले, दोन्हीकडे आत नुसती लायनरची कोरडी काळी भुकटी.

आता कोणाकडे असंच कन्व्हर्जन असेल तर माझं सव्वादोन-तीन हे माप डोळे झाकून उचलू नका. प्रत्येक मिस्त्रीने आपापल्या लेथवर आपापलं बोअर मारलेलं असतं, आणि डाव्या-उजव्या हबमध्येसुद्धा फरक निघतो, तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून कागदावर लिहून मगच बाजारात जा.