आमची वाटचाल : ड्रमपासून डिस्कपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जीप बांधणारे हात पूर्वीपासून पुष्कळ आहेत. इंजिन बदलायचे, लिफ्ट किट बसवायचे, मोठे टायर चढवायचे किंवा विंच लावायची असली की गिऱ्हाईक स्वतः चालत येते. ब्रेकसाठी मात्र कोणी आपणहून येत नाही. आमची फर्म ब्रेकचेच काम करायचे असे ठरवून सुरू झाली आणि त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे. जीपच्या मूळ 6.00-16 मापाच्या टायरच्या जागी 31 इंची टायर आला की चाकाची त्रिज्या सुमारे एक दशमांशाने वाढते आणि गाडी पूर्वीइतक्याच अंतरात थांबवायला ब्रेकला तेवढाच जास्त टॉर्क द्यावा लागतो. नवे इंजिन टाकून ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटरने पळू लागलेली गाडी थांबवताना पावणेदोनपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि आतून शू दाबून थांबवायच्या ब्रेकच्या बंद डब्यात, उतरते. हा हिशेब गाडी बांधणाऱ्याने आधी मांडला पाहिजे, असे आमचे पहिल्यापासूनचे म्हणणे आहे.

सुरुवातीला आम्ही दोघेच होतो. फिटिंग माझ्याकडे असे आणि लेथ आमचे भागीदार सांभाळत, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणत असे. जीप, जिप्सी आणि बोलेरो या तिन्ही गाड्यांच्या चाकांचे पाच बोल्ट 139.7 मिलिमीटरच्या पीसीडीवर (बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) असतात, त्यामुळे ड्रम काढून बोलेरोची डिस्क, म्हणजे कॅलिपरमधल्या पॅडनी दोन्ही बाजूंनी चिमटून थांबवायची उघडी चकती, जीपच्या हबवर सहज बसेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मधले भोक जुळत नाही, ऑफसेट जुळत नाही आणि जुन्या नकलवर (हब ज्यावर बसतो त्या पुढच्या भागावर) कॅलिपर धरायला जागाच नसते. मामा त्यासाठी रिंग टर्न करत, डिस्क हबवर आवळत, मॅग्नेटिक बेसवर डायल गेज लावत आणि हब हाताने सावकाश फिरवत. काटा 0.05 मिलिमीटरच्या पुढे सरकला की ते काही न बोलता सगळे उतरवत, हबचा फेस एमरी पेपरने पुसत आणि गरज पडल्यास लेथवर हलका कट मारून पुन्हा बसवत. कॅलिपर धरणारी आमची ब्रॅकेट 12 मिलिमीटर प्लेटची असे, भोके ड्रिल करून रीमरने साफ केलेली असत, बोल्ट 10.9 या मजबूत ग्रेडचे असत आणि प्रत्येक ब्रॅकेटवर मामा स्वतः नंबर पंच करत. मामा आज नाहीत, पण त्यांचे डायल गेज आम्ही रोज वापरतो.

आमचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे गगनबावड्याचे काका. त्यांच्याकडे डिझेल इंजिन टाकलेली सीजे-3बी जीप होती आणि त्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिच्या ड्रमची अवस्था सांगायला नको. कुंभी नदीच्या पाण्यातून गाडी निघाली की ड्रममध्ये लाल चिखल शिरायचा, शूवरचे लायनर भिजायचे, एक चाक धरायचे आणि दुसरे सोडून द्यायचे. ते म्हणाले, "मिस्त्री, बिल काय व्हायचं ते हुदे, पण करूळ घाटात पेडल खाली जाता कामा नये." आम्ही पुढे डिस्क दिल्या, पेडलचा दाब ऑइलवर देणारा फ्लोअरखालचा एकेरी मास्टर सिलिंडर काढून टँडम, म्हणजे दोन स्वतंत्र भागांचा, बसवला, आणि डिझेलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नसल्याने पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसाठी मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लावला. त्या एका गाडीमुळे आमच्याकडे घाटमाथ्यावरच्या गाड्या येऊ लागल्या आणि पुढची वर्षे कामाला तोटा पडला नाही.

फर्म बंद पडायची वेळ आली ती 2019 मध्ये. त्या वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बाबत निकाल दिला आणि नोंदणीतील मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत हे स्पष्ट झाले. ठरलेली कामे रद्द झाली. न्यायालयाबद्दल माझी तक्रार नाही, कारण रस्त्यावर काहीही बांधून फिरवणाऱ्यांना आळा बसायलाच हवा होता. माझी तक्रार आहे ती त्याच सुमारास आमच्या नावावर आलेल्या एका प्रकाराबद्दल.

आमची एक ब्रॅकेट कोणाकडून तरी मिळवून एका कारखानदाराने तिची नक्कल केली आणि निम्म्या किमतीत "उद्यमनगरचे डिस्क किट" म्हणून विकायला सुरुवात केली. प्लेट 8 मिलिमीटरची आणि गॅसने कापलेली होती. त्यातले एक किट बसवलेली जीप करूळ घाट उतरताना पेडल फ्लोअरला टेकले आणि चालकाने गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घालून थांबवली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी जीपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तिचे फोटो आमच्या फर्मच्या नावासह फिरू लागले, कारण उद्यमनगरचे डिस्क किट म्हटले की लोकांना आमचेच नाव आठवत असे.

मी ती गाडी टो करून आणवली आणि ग्रुपवाल्यांना समोर बसवून उघडली. ब्रॅकेटवर नंबर नव्हता. बोल्टच्या डोक्यांवर 4.6 हा कमी ताकदीचा ग्रेड कोरलेला होता आणि भोके लंबगोल झाली होती. पण खरे कारण वेगळे होते, आणि ते दाखवण्यासाठी मी पुढची चाके जॅकवर घेऊन पेडल एकदा दाबून सोडायला लावले. त्यानंतर चाक दोन्ही हातांनी फिरवले तरी फिरेना. कॅलिपरचा ब्लीडर (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) अर्धा आटा सैल करताच ब्रेक ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि तेच चाक मोकळे फिरू लागले. मास्टर सिलिंडर ड्रमचाच ठेवला होता आणि त्यातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवत होता. ड्रमला तो लागतो, कारण शू मागे ओढायला स्प्रिंग असतात. डिस्कला अशी स्प्रिंग नसल्याने तो चालत नाही. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असला तरी 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह पुरतो. पॅड सुटलेच नाहीत, डिस्क तापत गेली आणि जुने, पाणी शोषलेले ऑइल उकळले; त्याच्या वाफेमुळे पेडल फ्लोअरला टेकले.

तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, पण ज्या ग्रुपांवर फोटो फिरले तिथे एका ओळीचाही खुलासा कोणी टाकला नाही, आणि नक्कल करणाऱ्याने तर आजतागायत एक फोनही केलेला नाही. हे मला अजूनही लागते. उभे राहिले ते फक्त काका. ते आपली जीप आमच्या दारात घेऊन आले, येईल त्याला चाक काढून ब्रॅकेटवरचा मामांचा नंबर दाखवू लागले आणि त्यांच्या शेतावरच्या सगळ्या गाड्यांचे काम त्यांनी त्याच महिन्यात आमच्याकडे दिले. त्या कामावर पगार निघाले.

त्यानंतर आम्ही कामाची विभागणी केली. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचे मूळ ब्रेक कंपनीच्या मापात नवे करून देतो. ड्रमचे डिस्क करण्याचे काम केवळ स्पर्धेच्या आणि खासगी जागेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी घेतो. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झाल्यापासून अशा गाड्या वाढल्या आहेत.

गाडी बांधणाऱ्या तरुणांना काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. तांब्याची नळी सहज वाकते म्हणून ती ब्रेक लाइनला वापरू नये. स्टीलचीच नळी घ्यावी आणि तिच्या टोकाला डबल फ्लेअरच (दुहेरी दुमडलेली कडा) मारावा. डॉट 4 ग्रेडचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते, म्हणून पाण्यातून जाणाऱ्या गाडीचे ऑइल दर पावसाळ्यानंतर बदलावे. लिफ्ट केलेल्या गाडीला मागे एलएसपीव्ही (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची लिंक नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यावी, नाहीतर चेसिस उचलली गेल्याने व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि भरल्या गाडीतही मागच्या चाकांचा दाब कापतो. ब्रेकचा लांब होज (लवचीक रबरी नळी) न घालता लिफ्ट किट बसवलेल्या गाड्या आमच्याकडे अजूनही येतात; अशा गाडीची चेसिस जॅकवर घेऊन चाके पूर्ण लटकू दिली की होज तारेसारखा ताणलेला दिसतो, आणि तो बदलल्याशिवाय आम्ही ती गाडी बाहेर सोडत नाही.