रोल नंबर ३१ आणि सोलकढीचा पाठ

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

एसटीत बसून बसून पाय सुजलेत, पण आजच लिहायचं, उद्या परत शाळा आणि मग राहूनच जातं.

आज देवगडला आमची डीएडची, म्हणजे शिक्षक व्हायच्या कोर्सची, बॅच भेटली. २००७ ते २००९ वाली. भेटली म्हणजे फेटे बांधून केक कापून ग्रुप फोटो तसलं नाही हां, तसलं एकदा २०१९ ला झालं होतं आणि त्याला मी पोटात दुखतंय सांगून गेलेच नव्हते. आज अकरा जण आलो होतो आणि त्यातल्या सात जणांच्या पिशवीत टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, गाईडं होती. आणि शिकवायला कोण, तर मी. रोल नंबर ३१.

आमच्यात नावं कमी, रोल नंबरच जास्त चालतात. सराव पाठांचा तक्ता भिंतीवर लागायचा त्यात नंबरच असायचे, १७ चा गणित, ३१ चा परिसर, निरीक्षणाला ८, तेच तोंडात बसलंय. अजून ग्रुपवर "२२ ला मुलगी झाली, अभिनंदन २२" असं चालतं. २२ चा नवरा विचारतो तू कैदी होतीस काय.

तर हे सगळं सुरू झालं गौरीपूजनाच्या दिवशी, १ सप्टेंबरला. घरात तिखटाचा नैवेद्य, माझे हात वाटपाने भरलेले आणि फोन नुसता टिंग टिंग टिंग. हात धुऊन बघते तर सुप्रीम कोर्टाचा निकाल. पहिली ते आठवीला शिकवणारे जे आधीपासून नोकरीत आहेत त्यांनाही टीईटी पास व्हावंच लागणार, दोन वर्षांची मुदत. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून कमी उरलीय त्यांना सूट, पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही द्यायचीच. बाकीचे पास नाही झाले तर घरी. ग्रुपवर आधी सगळे म्हणाले फेक आहे फेक आहे, मग कोणीतरी बातमीचा फोटो टाकला आणि एकदम शांत. एरवी गुड मॉर्निंगची फुलं टाकणारा १७ पण गप्प.

आता खोटं कशाला लिहू, रोजनिशी माझीच आहे. वाटणाच्या ताटासमोर उभी राहून मला हसू आलं. सासूबाई म्हणाल्या काय गो, लॉटरी लागली काय.

का हसू आलं त्याला १५ वर्षांचा इतिहास आहे. आम्ही पास होऊन बाहेर पडलो २००९ ला, तेव्हा डीएड म्हणजे नोकरी पक्की असं समीकरण होतं, बारावीला चांगले मार्क असलेली पोरं इंजिनिअरिंग सोडून डीएडला यायची. २०१० ला शिक्षणसेवकांच्या भरतीची परीक्षा, सीईटी, झाली. १७ वर्गात पहिला. ८, १४, १९, २६ सगळे लागले. माझी यादी थोडक्यात हुकली. सर म्हणाले पुढच्या वर्षी नक्की. ते पुढचं वर्ष आलंच नाही. २०१२ ला भरतीच बंद झाली, २०१३ पासून टीईटी आली, मग २०१७ च्या डिसेंबरात भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि ऑनलाइन भरतीचं ते पवित्र पोर्टल, मग एकदम २०२३ ची चाचणी. आमच्या मागून आलेल्या पोरांनी तर डीएडकडे पाठच फिरवली, कॉलेजं ओस पडून बंद झाली. आता त्याला डीएलएड म्हणतात, नाव लांब झालं.

मधल्या काळात मी काय काय केलं ते लिहायचं तर वेगळी वही लागेल. इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत अडीच हजारावर, तिथे पगार तीन तीन महिने लटकवायचे. मग काजूच्या फॅक्टरीत वजनाचं रजिस्टर, हाताला चिकाचे डाग. मग लग्न, मुलगा, घरी ट्युशन. पहिली टीईटी दिली त्यात १५० पैकी ८२, पाहिजेत ९०. दुसऱ्या वेळी ८८. २०१७ च्या जुलैत एकदाची पास झाले तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता, त्याला मांडीवर थोपटत परिसर अभ्यास पाठ केलेला आहे मी. पुढे २०२१ च्या शेवटी टीईटीचा घोटाळा बाहेर आला, पैसे घेऊन पास केलेले, तर गावात एकाने मला सरळ विचारलं, तू किती दिलेस? माझ्याकडे तेव्हा स्कूटीत पेट्रोल टाकायला पैसे नव्हते. २०२३ ची अभियोग्यता, दोन तासांत दोनशे प्रश्न, सेंटर कोल्हापूरला, गगनबावड्याच्या घाटात दोनदा उलटी करून पेपर दिला आणि त्यातून २०२४ ला एकदाची ऑर्डर हातात आली. शिक्षणसेवक. पस्तिसाव्या वर्षी सेवक. तीन वर्षं सोळा हजार मानधन आणि मग कायम.

शाळा वैभववाडीकडे, चार वर्ग मिळून पट सात. दोन शिक्षक कागदावर, दुसऱ्यांना दुसऱ्या शाळेवर कामगिरीला पाठवलंय म्हणजे मी एकटीच. माझ्या आधीचे गुरुजी घाटावरचे होते, चांगले होते म्हणतात, आंतरजिल्हा बदली मिळाली तसे गेले. आपल्याकडे हे कायमचंच, बाहेरचा माणूस येतो, दहा वर्षं गावाची वाट बघतो आणि जातो, आणि इथली डीएड झालेली पोरं गोव्यात वेर्ण्याच्या कंपनीत गोळ्या पॅक करतात. आमचे दोन आहेत तिथे, ५ आणि ११. ५ आता सुपरवायझर आहे, त्याला पगार माझ्या दुप्पट, तो म्हणतो मी रोज मशीनला शिकवतो आणि ती उलट बोलत नाही.

पण उलटं पण आहे ना. आमची ८ जव्हारला गेली २०१० ला, तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ ला पालघर झाला, ही आहे तिथेच. नवरा कुडाळला, मुलगी आजीकडे, दर मे महिन्यात बदलीच्या यादीत नाव शोधते. ती वारली शिकली, पोरांशी वारलीतच बोलते, आणि आज म्हणाली की बदली मिळाली तर पहिले चार दिवस मी रडणार आहे, कशासाठी ते मलाच माहीत नाही. तिथली पोरं पण तिला घाटावरच्या गुरुजींसारखंच समजत असतील, जाणारी बाई म्हणून.

बाकीचे पटकन. १९ प्रमोशन घेऊन केंद्रप्रमुख व्हायचं म्हणतोय, आता टीईटी आडवी आली. २ पोलिसात. २२ डोंबिवलीला ट्युशन घेते, बारा पोरं, घरच्या घरी, म्हणते मी सगळ्यात सुखी. ३ ने ब्युटी पार्लर टाकलं, तिच्या सराव पाठाचं फळालेखन बघायला दुसरी कॉलेजं यायची. १४ चेकपोस्टवाला, म्हणजे लॉकडाऊनमध्ये खारेपाटणला चेकपोस्टवर ड्युटी होती शिक्षकांना, त्याने तिथे दिवसरात्र गाड्यांचे नंबर लिहिले, तेव्हापासून नाव पडलं. आणि २७, ज्याच्या घरी आज जमलो, तो भरतीची वाट बघून बघून २०१६ ला कंटाळला आणि वडिलांच्या कलमांत उतरला. आता हापूसच्या पेट्या थेट पुण्याला पाठवतो. या वर्षी पाऊस दिवाळी संपली तरी जाईना, कापलेलं भात शेतात कुजलं लोकांचं, मोहोराचं काय होणार म्हणून तोंड पाडून बसला होता, पण जेवणात सुरमई होती, त्यामुळे आम्ही फार दुःख केलं नाही.

तर पडवीत चटई टाकून वर्ग भरला. परीक्षा २३ तारखेला, चौदा दिवस राहिले. त्यात २ डिसेंबरला नगरपंचायतीचं मतदान, अर्ध्यांना निवडणुकीच्या ट्रेनिंगची ऑर्डर आलेली, अभ्यास करणार कधी. १७ आला, टक्कल पडलंय, चष्मा, हातात गाईड, आणि म्हणतो, "काय गो मास्तरणी, वायच सांभाळून घे हां आमका." सगळे हसले. मी पण. पण आत काहीतरी टोचलं, कारण २०१० च्या निकालानंतर हाच मला एसटी स्टँडवर भेटला होता आणि पेढा देऊन लगेच दुसरीकडे बघायला लागला होता. तेव्हा राग आला होता. आता वाटतं बिचाऱ्याला काय बोलायचं तेच कळलं नसेल.

गणित, भाषा कोणाला अडत नाही. अडतं बालमानसशास्त्र. तीस मार्कांचं आहे आणि वर्गात पंधरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला ते सगळ्यात जास्त चिडवतं, कारण पर्याय चारही बरोबर वाटतात. मी प्रश्न वाचला. पाच वर्षांचा मुलगा, सारखंच पाणी, एक उंच ग्लास, एक पसरट भांडं, मुलगा म्हणतो उंच ग्लासात जास्त आहे, मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते तो कोणत्या अवस्थेत? १७ ने ठोकून दिलं, मूर्त क्रियात्मक. का? तर म्हणे ग्लास डोळ्यांना दिसतोय म्हणजे मूर्तच की.

मी म्हटलं थांब. आतून सोलकढीचं पातेलं आणलं. २७ ची आई ओरडतेय, "जेवन घेवा आदी, मगे काय तो अभ्यास करा." दोन सारख्या वाट्या घेतल्या, दोन्हीत सारखी सोलकढी ओतली, २७ ची चार वर्षांची पोरगी बोलावली. दोन्हीत सारखी आहे ना गं? ती खाली वाकून, डोळा लावून बघून म्हणाली हो. मग तिच्या समोरच एक वाटी उंच ग्लासात ओतली. आता? तिने एक सेकंद पण लावला नाही. "गिलासात जास्ती हा." आणि ग्लास उचलून पिऊन टाकला, गुलाबी मिशी.

सगळे हसले आणि १७ काही हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, माझ्या पहिलीत एक पोरगा होता, खिचडी वाढायच्या वेळी रोज भांडायचा, त्याला तो उंच अरुंद डबाच पाहिजे, ताटली दिली की रडायचा, मला कमी दिली मला कमी दिली. मी त्याला वर्षभर हावरट म्हणत होतो. सगळ्या पोरांसमोर.

कोणी काही बोललं नाही. ८ ने त्याच्या पुढ्यातलं गाईड उघडून पेन्सिलीने दोन ते सात वर्षं, पूर्व-क्रियात्मक, त्याच्या पुढे मूर्त क्रियात्मक असं लिहिलं. मला पण माझी एक आठवली, दुसरीतली, तिच्याबद्दल आज नाही लिहीत.

हे आम्ही सगळ्यांनी डीएडला शिकलेलो हो. पहिल्या वर्षाला. मी तर त्याचा तक्ता केला होता कार्डशीटवर, स्केचपेनने बॉर्डर काढून, दहापैकी नऊ. तक्ता बाईंनी कपाटात ठेवला आणि आम्ही पाठाच्या पायऱ्या रटत बसलो, प्रास्ताविक, हेतुकथन, विषय विवेचन. हेतुकथन विसरलं की मार्क कापायचे. पोराच्या डोक्यात काय चाललंय हे विसरलं तर कोणी कापत नव्हतं.

तरी या परीक्षेबद्दल मला अजून ठाम काही म्हणता येत नाही. १५ वर्षं चांगलं शिकवलेल्या बाईला चार पर्यायांवरून घरी पाठवायचं हे मला पटत नाही, आणि आम्ही मात्र दहा वर्षं तीच परीक्षा देत होतो तेव्हा यातल्या एकानेही ती अन्यायाची आहे असं म्हटलं नव्हतं हे पण मी विसरले नाहीये. दोन्ही खरं आहे. चार वाजेपर्यंत पंचाऐंशी प्रश्न सोडवले आम्ही. १९ ला झोप लागली मध्येच.

येताना १७ ने बाईकवरून नांदगाव तिठ्यापर्यंत सोडलं. वाटेत पगार, पेन्शन, आईचे गुडघे, एवढंच बोलणं. उतरल्यावर मला पाचशेची नोट द्यायला लागला, क्लासची फी म्हणून. मी घेतली नाही आणि मग एसटीत बसल्यावर वाटलं घ्यायला पाहिजे होती, मानधन गेल्या महिन्याचं अजून जमा नाही.

आत्ता टाचण लिहायला बसले तर ग्रुपवर फोटो आला. १७ च्या स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर एक उंच ग्लास आणि एक वाडगा, दोन्हीत पाणी, बाजूला त्याचा मुलगा कंटाळलेल्या चेहऱ्याने उभा. खाली लिहिलंय, "माझो नऊ वर्साचो. फसलो नाय. सारख्याच आसा म्हणता."

मी लिहिलं, मूर्त क्रियात्मक. आता त्याला झोपू दे.