१८२ दिवस, १५ वर्षे आणि माझी एक चूक

महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दोन तास बसतो आणि ज्यांना सरकारी अर्ज भरता येत नाहीत त्यांचे अर्ज भरून देतो. येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे काम आधारचे असते. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "काकाजी, आमाले भेटन का?" म्हणजे हे कार्ड मिळण्यास आम्ही पात्र आहोत का. या प्रश्नाचे उत्तर कायद्यात चार ओळींत आहे. तरीही ते सांगताना मी स्वतः एकदा चुकलो असल्याने आजचे हे लेखन आहे.

पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. कन्हानकडच्या वीटभट्टीवर काम करणारी एक बाई आली होती. मूळची बालाघाट जिल्ह्यातली, वय तिशीच्या आसपास, नवऱ्याचे आधार झालेले, हिचे राहून गेलेले. शिधापत्रिकेवरील प्रत्येक सदस्याची ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळखपडताळणी) मागितली जाऊ लागल्यावर आपले नाव गळेल या धास्तीने ती आली होती. एका केंद्रावर तिला सांगण्यात आले होते की तुम्ही मध्य प्रदेशच्या, वर्षातले चार महिने गावी असता, तेव्हा इथे तुमची नोंदणी व्हायची नाही. हे सांगणाऱ्याला दोष देण्याआधी मला माझे स्वतःचे वागणे आठवले. दोन वर्षांपूर्वी छत्तीसगडहून आलेल्या एका गवंड्याला मीही जवळपास हेच सांगून परत पाठवले होते.

माझ्या चुकीचे मूळ माझ्या नोकरीत होते. कित्येक वर्षे मी अधिवास प्रमाणपत्रांची प्रकरणे हाताळली आणि तिथे महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी वीजबिले, घरटॅक्सच्या पावत्या असा सगळा गठ्ठा पाहिल्याशिवाय आमच्या टेबलावरून कागद पुढे सरकत नसे. 'रहिवासी' हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात ती १५ वर्षे उभी राहत, आणि त्या शब्दाचा दुसऱ्या कायद्यात दुसरा अर्थ असू शकतो हे माझ्या ध्यानातच आले नाही.

२०१६ च्या आधार कायद्यातील व्याख्या अशी आहे: नोंदणीसाठी अर्ज केल्याच्या तारखेच्या लगत आधीच्या बारा महिन्यांत ज्या व्यक्तीने भारतात एकूण १८२ दिवस किंवा त्याहून अधिक वास्तव्य केले असेल, ती रहिवासी. या वाक्यातील दोन शब्दांकडे मी वर्षभर नीट पाहिलेच नव्हते. पहिला शब्द 'भारतात'. तिथे महाराष्ट्राचा, नागपूर जिल्ह्याचा किंवा कोणत्याही तालुक्याचा उल्लेख नाही. त्यामुळे बालाघाटचे चार महिने आणि कन्हानचे आठ महिने ही दोन्ही एकाच हिशेबात मोजली जातात आणि त्या बाईच्या बाबतीत १८२ दिवसांचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा शब्द 'एकूण'. हे दिवस सलग असण्याची अट नाही. कोणी मध्येच दोन महिने परदेशी जाऊन आला तरी बेरीज पुरी भरली की झाले.

मग अडते कुठे? अडते ते पत्त्याच्या पुराव्यावर, आणि पात्रता व पुरावा या दोन गोष्टींची गल्लत लोकच नव्हे तर अर्ज स्वीकारणारेही करतात. त्या बाईजवळ बालाघाटच्या पत्त्याचे मतदार ओळखपत्र होते. ते ओळखीसाठी चालते आणि पत्त्यासाठीही चालते. फक्त आधारवर पत्ता बालाघाटचा येईल आणि टपालाने येणारे पत्रही तिकडेच जाईल. नागपूरचाच पत्ता हवा असल्यास इथला पुरावा लागतो. तो नसेल तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ठरलेल्या नमुन्यात राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा नगरसेवक यांच्या सहीचे प्रमाणपत्र चालते. आमच्या शहरात यात एक गंमत अशी झाली की मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, आणि पुढची निवडणूक होईपर्यंत लोकांनी ज्याच्या दारात सहीसाठी उभे राहायचे तो नगरसेवकच अस्तित्वात नव्हता. माजी नगरसेवकांचे जुने शिक्के मारलेले नमुने माझ्यासमोर आले आहेत. ते परत करताना वाईट वाटत असे, पण इलाज नव्हता.

भट्टीवरच्या मजुराला जो नियम, तोच जरीपटक्यात राहणाऱ्या पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांनाही लागू होतो, हे सांगितल्यावर वाचनालयातले काही सभासद माझ्याकडे संशयाने पाहू लागले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी अशी अनेक कुटुंबे नागपुरात आहेत. त्यांतील काहींना नागरिकत्व मिळाले, काही अजून प्रतीक्षेत आहेत. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शेजारच्या देशांतील अल्पसंख्याक समाजांच्या अशा व्हिसाधारकांना बँक खाते, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना आणि आधार या सुविधा देण्याचा निर्णय घेतला. नागरिक नसलेल्या माणसाला आधार मिळते याचा धक्का बसण्याचे खरे तर कारण नाही, कारण याच कायद्याच्या कलम ९ मध्ये स्वच्छ म्हटले आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही. आधारच्या पत्रावरही ही सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. आपण तेवढे सोडून बाकी सगळे वाचतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या मतदार याद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधार हे ओळखीसाठी बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारण्यास सांगितले, तेव्हाही ते नागरिकत्वाचा पुरावा नाही हे स्पष्ट केले होते.

हा गोंधळ होण्यास इतिहासही थोडा जबाबदार आहे. आधारच्या आधी खरोखरच एक नागरिकांचे कार्ड योजले गेले होते आणि त्याचे नावच 'बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्र' असे होते. कारगिल युद्धानंतरच्या सुरक्षाविषयक शिफारशींतून ती कल्पना पुढे आली, २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती होऊन नागरिकांना ओळखपत्र देण्याविषयीचे कलम १४अ आले, आणि काही राज्यांतील निवडक भागांत प्रायोगिक प्रकल्पही झाला. त्या कार्डाची पात्रता नागरिकत्व ही होती, आणि घरोघर जाऊन नागरिकत्व पडताळणे किती जिकिरीचे आहे हे त्यातून दिसले. पुढे जानेवारी २००९ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने निकष बदलला: तू कोण आहेस एवढेच विचारायचे, कुठल्या देशाचा आहेस हे विचारायचे नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली गावात पहिला क्रमांक दिला गेला. लोकांच्या मनात मात्र दोन्ही कार्डे एकमेकांत मिसळून गेली आहेत. कायद्याने दिला जातो तो बारा अंकी क्रमांक. कार्ड हे केवळ तो छापण्याचे साधन, मग ते टपालाचे पत्र असो, प्लास्टिकचे असो वा मोबाइलमधील ई-आधार. प्लास्टिकच्या कार्डाला जास्त मान आहे ही समजूत आमच्या इतवारीच्या दुकानदारांत विशेष पक्की आहे.

परदेशी राहणाऱ्या भारतीयांची बाब वेगळी आहे. माझा भाचा दुबईहून सुटीवर आला की पूर्वी १८२ दिवसांच्या अटीत अडकत असे. २०१९ पासून भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना ती अट राहिलेली नाही, ते आल्याबरोबर अर्ज करू शकतात. परदेशी नागरिकांना ती लागू आहेच.

मुलांच्या बाबतीत वयाची खालची मर्यादा नाही. पाच वर्षांखालील बाळाचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत, आईवडिलांपैकी एकाच्या आधारवर नोंदणी होते आणि निळ्या रंगाचे आधार मिळते. पुढे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे व बुबुळांची नोंद करून घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला लागतोच.

ठसे हा शब्द निघाला म्हणून माझ्या आईविषयी लिहितो. तिने आयुष्यभर भांडी घासली, शेणाने अंगण सारवले. पंच्याऐंशीव्या वर्षी तिच्या बोटांवर रेषा म्हणून काही उरलेच नव्हते. एका केंद्रावरील मुलाने चार वेळा बोटे टेकवून घेतली आणि "आजीचे होणार नाही" असे सांगून टाकले. नियम तसे म्हणत नाहीत. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांची नोंदणी बुबुळांवर होते, आणि ज्यांना दोन्ही देता येत नाही त्यांच्यासाठीही अपवाद म्हणून नोंदणीची तरतूद आहे. असा अर्ज नाकारता येत नाही. आईला घेऊन मी दुसऱ्या केंद्रावर गेलो, तरतुदीचा कागद सोबत ठेवला, आणि तो दाखवण्याची वेळच आली नाही.

भट्टीवरच्या बाईचा अर्ज अखेरीस भरला गेला. अठरा वर्षांवरील व्यक्तीची पहिलीच नोंदणी असल्यास ती सगळ्याच केंद्रांवर होत नाही आणि माहिती पडताळणीसाठी राज्याच्या अधिकाऱ्यांकडे जाते. त्यात काही महिनेही लागू शकतात, हे मी तिला आधीच सांगितले. पत्ता तिने बालाघाटचाच ठेवला, कारण तिचे म्हणणे असे की भट्टी दरवर्षी बदलते, गाव बदलत नाही. पावतीवरचा १४ अंकी नोंदणी क्रमांक मी तिला दाखवला आणि हाच जपून ठेवायचा म्हणून सांगितले. तिने तो कागद मतदार कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोनदा गाठ मारली आणि विचारले, "दिवाळीनंतर भट्टी लागली का मी येतो, तवा पाहून देता ना काकाजी?" मी हो म्हटले. त्या गवंड्याचा पत्ता मात्र मी तेव्हा लिहून घेतला नव्हता.