तीन दिवस, लंडनची म्युझियम्स आणि सोबत आई

गुरुवार दुपार ते रविवार दुपार एवढाच वेळ होता. आईचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, पण बघायची हौस माझ्यापेक्षा जास्त. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे राजवाडे, मोठा पाळणा, शॉपिंग वगैरे काही नको, फक्त म्युझियम्स बघायची असं तिने आधीच सांगून टाकलं होतं. आम्ही काय केलं, काय चुकलं ते लिहिते, कुणी आईवडिलांना घेऊन जाणार असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (सगळे व्ही अँड ए म्हणतात), नॅचरल हिस्ट्री, सायन्स म्युझियम, सगळीकडे कायमच्या गॅलऱ्यांना प्रवेश फुकट आहे, पैसे लागतात ते खास प्रदर्शनांना. आता फुकट म्हटल्यावर आपण काय करतो, तर एका दिवसात तीन-तीन म्युझियम्स कोंबतो. मला उलटं वाटतं. तिकीट नाही म्हणजे पैसे वसूल करायचं टेन्शनच नाही, चाळीस मिनिटं बघा, बाहेर पडा, उद्या परत या. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तिथून ट्रिप बदलली.

पहिला दिवस तसा वाया गेला म्हणावा लागेल. स्टेशनवरून थेट ब्रिटिश म्युझियमला गेलो, हातात चाकांची बॅग, आणि चाकांची बॅग तिथे आत नेताच येत नाही, क्लोकरूममध्ये पण घेत नाहीत. परत हॉटेलवर जाऊन बॅग ठेवून येईपर्यंत साडेतीन वाजले आणि म्युझियम पाचला बंद. त्यामुळे बॅग आधी हॉटेलवर टाका, चेक-इनची वेळ झाली नसली तरी बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, विचारून ठेवा. आणि प्रवेश फुकट असला तरी ऑनलाइन वेळ बुक करून जा. समोरच्या मोठ्या दारापेक्षा मागचं माँटेग्यू प्लेसचं दार, तिथे लाइन बरीच कमी असते.

उरलेल्या वेळात रोझेटा दगड बघितला, इजिप्तमध्ये सापडलेला जुना शिलालेख. खोली नंबर 4, आत शिरल्या शिरल्या गर्दी, सगळे मोबाइल वर धरून. आईने हा धडा कितीतरी वर्गांना शिकवलेला, तीन लिप्या, वर इजिप्तची चित्रलिपी, मध्ये डेमोटिक (इजिप्तचीच रोजच्या वापरातली लिपी), खाली ग्रीक, त्यावरून शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाने 1822 मध्ये चित्रलिपी उलगडली. काचेपर्यंत पोहोचायलाच दहा मिनिटं गेली आणि मागून धक्के, धड उभं राहता येईना. बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही, मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी साउथ केन्सिंग्टन. ट्यूब (लंडनची मेट्रो) स्टेशनातूनच एक लांब बोगदा आहे, तो तुम्हाला नॅचरल हिस्ट्री, सायन्स आणि व्ही अँड ए या तिन्ही म्युझियम्सच्या जवळ नेऊन सोडतो, पाऊस असेल तर फारच बरा. दहाला नॅचरल हिस्ट्री उघडतं, आम्ही दारातच होतो. मधल्या मोठ्या हॉलमध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, 25.2 मीटर लांब, 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला मासा. त्याच्या खाली उभं राहून वर बघा आणि मग जिन्याने वर जाऊन डोळ्याच्या पातळीवरून बघा, दोन्ही वेगळं दिसतं. बिल्डिंग 1881 ची, भिंतींवर टेराकोटाचे प्राणी, पश्चिमेकडे जिवंत जाती आणि पूर्वेकडे नामशेष झालेल्या. डायनासोर आम्ही सोडले, लहान मुलं असतील तर अर्थात सोडू नका, पण ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना सुट्टी असते तो आठवडा टाळा.

मग रस्ता ओलांडून व्ही अँड ए. एक्झिबिशन रोडच्या बाजूच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचे खड्डे तसेच मुद्दाम ठेवलेत, आत जायच्या आधी ते बघा. आत टिपूचा वाघ. जवळजवळ खऱ्या वाघाएवढा लाकडी वाघ, खाली युरोपियन शिपाई, आणि वाघाच्या पोटात बाजाची पेटी. श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. आई पाटी वाचत होती आणि एकदम म्हणाली, "अगं 1799! रोझेटाचा दगड पण 1799 लाच सापडला. एकाच वर्षी दोन्ही." मी इतकी वर्षं दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकल्यात, कधी जोडल्या नव्हत्या. नेपोलियनचं सैन्य इजिप्तमध्ये, टिपू त्याच्याशी संधान बांधायला बघतोय म्हणून इंग्रज घाबरलेले, एकच भांडण दोन टोकांना चाललेलं. हे तिने मला तिथे उभ्या उभ्या शिकवलं. (जायच्या आधी वेबसाइटवर ती गॅलरी उघडी आहे ना ते नक्की बघा, गॅलऱ्या कामासाठी बंद होत असतात आणि नेमकी आपली बंद असेल तर फार चुटपुट लागते.)

एक वाजता हॉटेलवर परत आलो आणि आई दोन तास झोपली. हा वेळ वाया गेला असं अजिबात समजू नका, संध्याकाळ त्यामुळेच जमली. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्ही अँड ए दहापर्यंत उघडं असतं. म्हणून छोटी ट्रिप असेल तर शुक्रवार मध्ये येईल अशीच आखा. तिन्ही करायला जाऊ नका, एक निवडा.

आम्ही ब्रिटिश म्युझियमलाच परत गेलो, सहा वाजता. रोझेटासमोर सात-आठ माणसं. आई पंधरा मिनिटं उभी होती, ग्रीक ओळी बोटाने हवेत दाखवत होती. मग खोली नंबर 10, असुरबनिपाल या अ‍ॅसिरियन राजाची सिंहाची शिकार, निनेवेच्या (आजच्या इराकमधल्या) राजवाड्यातल्या कोरीव दगडी पट्ट्या, इ.स.पू. 645 च्या आसपासच्या. खोली चिंचोळी आहे, दिवसा लोक त्यातून नुसते पुढे जातात. तिथे एक सिंहीण आहे, पाठीत बाण घुसलेत, मागचे पाय लुळे पडलेत, ते ओढत पुढच्या दोन पायांवर उठायला बघतेय आणि तोंड उघडं. राजाचा पराक्रम दाखवायला कोरलंय सगळं, पण ज्याने ती कोरली त्याने मरणारं जनावर नीट बघितलं असणार, जीव तिच्यातच ओतलाय. दुसरीकडे सिंहाच्या पिंजऱ्यावर छोट्या पिंजऱ्यात बसलेला पोरगा दार वर ओढून सिंह सोडतोय. आम्ही त्या खोलीत तासभर होतो. ब्रिटिश म्युझियममध्ये फोल्डिंगची हलकी स्टुलं मिळतात, मागून घ्या, गुडघेदुखी असेल तर त्याशिवाय फिरूच नका.

आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं पण ब्रिटिश म्युझियममध्येच, 33 नंबरच्या खोलीला लागून, काचेमागे. तिथल्या स्तूपाचे चुनखडीचे शुभ्र तुकडे, फार नाजूक काम. हे इथे का आहे हा प्रश्न मला तिथे खूप टोचला आणि अजून टोचतोय. आईचे डोळे भरून आले होते.

शनिवारी सर जॉन सोन यांचं घर, लिंकन्स इन फील्ड्समध्ये. हे यादीत टाकाच. बँक ऑफ इंग्लंड बांधणारा आर्किटेक्ट, त्याने 1833 मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की घर होतं तसंच ठेवायचं. चित्रांची खोली अगदी लहान, पण भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत अजून चित्रं, शंभराच्या वर. तळघरात सेती पहिला या इजिप्तच्या फॅरोची (राजाची) दगडी शवपेटी, सोनने 1824 मध्ये 2000 पौंडांना घेतलेली. सोमवार-मंगळवार बंद असतं. जिने अरुंद आहेत, आईला हळू न्यावं लागलं.

दुपारी नॅशनल गॅलरीत फक्त दोन चित्रं बघितली. होल्बाइन या चित्रकाराच्या 'द अँबॅसडर्स' या 1533 च्या चित्रात खाली एक तिरका डाग दिसतो, उजवीकडे अगदी कडेला जाऊन बघितलं की त्याची कवटी होते. दुसरं व्हॅन गॉगची सूर्यफुलं. सायन्स म्युझियम राहिलं, राहू दे.

रविवारी एक वाजताची गाडी होती. सकाळी सामान हॉटेलवर ठेवलं, मी विचारलं आता कुठे जायचं, तर आई म्हणाली, "ती सिंहीण परत एकदा बघू." दहाला मागच्या दाराने आत गेलो, सरळ खोली नंबर 10, अजून कुणी आलं नव्हतं. पावणेअकराला बाहेर.