वरातीची घोडी घ्यावी का?

"चावते ना ती?" घोडी दत्तक घ्यायचं मनात आहे असं ज्याला सांगावं तो आधी हेच विचारतो. हो, चावते. खोगिराचा पट्टा आवळायला हात पुढे केला की कान मागे पाडते, दात काढते. मागून डाव्या अंगाने कुणी आलं तर दुगाणी झाडते. लांबवर ताशा वाजला तरी कातडी थरथरते तिची. मुंबईतल्या वरातींत नवरदेव वाहून वाहून आता एका निवाऱ्यात येऊन पडली आहे. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना व्रण आहेत, काटेरी लगामाचे. या लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५च्या नियमांनी बंदी घातली आहे. दातांवरून घोडीचं वय बारा-तेरा सांगतात. हिशोब तुम्हीच करा.

पण चावण्याची मला फारशी धास्ती नाही. महालक्ष्मीला मी घोडेस्वारी थोडीफार शिकले तेव्हा पहिल्यांदा सांगितलं होतं, की घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं आणि अगदी नाकापुढचं दिसत नाही. मागून येणाऱ्याला लाथ मारणं हा तिचा खोडसाळपणा नाही. आणि मला तिच्यावर बसायचंच नाहीये. पट्टा नको, लगाम नको, नुसती मोरखी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, घालून फिरवायची, रोज खरारा करायचा. भांडणाचं निम्मं कारण तिथेच संपतं.

माझी झोप उडवतात त्या गोष्टी साध्या आहेत. दिवसाला आठ-दहा किलो चारा, तीस-चाळीस लिटर पाणी. दर सहा-आठ आठवड्यांनी खुरांना नालबंद. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की डॉक्टर त्याच रात्री हवा, सकाळची वाट बघता येत नाही. नीट ठेवलं तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मी चोपन्नची आहे.

गिरगावात दोन खोल्यांत राहणारी बाई घोडी कुठे ठेवणार? कर्जतकडे वडिलांनी घेतलेला जमिनीचा तुकडा आहे. तिथे एक काका राहतात, म्हशी सांभाळतात. घोडी दत्तक मी घेणार, फोटो मी टाकणार, आणि सोमवार ते शुक्रवार लाथेच्या टप्प्यात उभे राहणार ते! म्हणून त्यांनाच निवाऱ्यात घेऊन गेले. त्यांनी तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी खूर पाहिले. "ताई, आपल्याकडे पावसाचे चार महिने चिखल असतो. हिला कोरडा ओटा पाहिजे, नाहीतर खूर सडतील." नालबंदाची काळजी करू नका म्हणाले, माथेरानला मोटारी नाहीत, घोडे पुष्कळ, तेव्हा नेरळच्या बाजूला कुणीतरी मिळेल. एकटी ठेवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. कळपातलं जनावर आहे, सोबतीला दुसरा घोडा हवा. म्हणजे खर्च दुप्पट.

परत येताना लोकलमध्ये त्यांनी खरा मुद्दा काढला. "तुळशीचं लग्न झालं की पलीकडच्या फार्महाउसवर रोज बँड. डीजेसुद्धा. ही काय करेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुंबईकरांनी आपली लग्नं कर्जतला नेली आहेत, आणि मी वरातीच्या घोडीला वरातीपासून लांब म्हणून तिथेच न्यायला निघाले होते. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, तेव्हा "आता घोडे जाणार कुठे?" म्हणून मी तावातावाने बोलत होते. शांत, कोरडी, माणसाची सोबत असलेली जागा मुंबईच्या आसपास किती दुर्मिळ आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

निवाऱ्याला यंदा नाही म्हणून कळवलं आहे. तिच्या चाऱ्याचे पैसे मी दरमहा देईन. याहून शांत जागा असलेलं कुणी आलं तर घोडी खुशाल त्यांना द्या, माझ्यासाठी अडवून ठेवू नका, असंही सांगितलं. काका ओट्याचं काम दिवाळीआधी उरकून घेताहेत. घोडी नाही आली तर म्हशी बसतील म्हणतात. लग्नसराईत मी शनिवार-रविवार तिथे मुक्कामाला जाणार आहे, बँड गोठ्यापर्यंत किती ऐकू येतो ते बघायला.