गुग्गुळ औषधाला ठेवा, धुपाला साळई घ्या

गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा वाळलेला चीक. आमच्या ग्वाल्हेरच्या दाल बाजारात पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या दुकानदाराकडे, तो मागितला की तो आधी विचारतो, "बाईजी, धूप का चाहिए कि दवा का?" धुपाचा माल बाहेरच्या पोत्यात असतो, काळपट, धूळ बसलेला, त्यात साल आणि काटक्या. औषधाचा आतल्या बरणीत. खडे तपकिरी-सोनेरी, हाताला किंचित चिकट, कडवट पण नाकाला हवासा वास. भावात जमीन-अस्मानाचा फरक. मला आज त्या बाहेरच्या पोत्याबद्दल लिहायचंय, पण आधी बरणीबद्दल सांगते.

माझे सासरे वैद्य. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घराची पुढची खोली त्यांचा दवाखाना आणि मागच्या पडवीत औषधं तयार व्हायची. गुग्गुळाचं शोधन थंडीत चालायचं. आधी सुपात घेऊन हातानं निवडायचा. मग जाड कापडात पुरचुंडी बांधायची आणि त्रिफळ्याच्या काढ्याच्या पातेल्यावर आडवी काठी टाकून तिला टांगायची, काढ्यात बुडेल पण बुडाला टेकणार नाही अशी. याला दोलायंत्र म्हणतात. मंद आचेवर काढा तापला की गुग्गुळ विरघळून कापडातून पाझरू लागतो. सासूबाई मधून मधून पळीनं पुरचुंडी दाबायच्या. शेवटी कापडात उरायची मूठभर वाळू, साल, बारीक खडे. एरवी हेच पोटात गेलं असतं. पातेल्यातला काढा आटवायचा, तूप लावलेल्या परातीत पसरायचा आणि उन्हात वाळवायचा.

खरं काम त्यापुढचं, कुटण्याचं. खलात घातलेला गुग्गुळ सुरुवातीला भुगा होतो, मग बत्त्याला चिकटून बसतो. तुपाचा हात लावत कुटत राहिलं की तो मऊ, एकजीव आणि चकचकीत होतो आणि त्याची गोळी सुरेख वळता येते. "सूनबाई, अजून थोडा," असं सासरे म्हणायचे. आपले हात भरून आलेले असायचे, पण त्यांनी गोळी दोन बोटांत दाबून पाहिल्याशिवाय सुटका नसायची.

खऱ्या गुग्गुळाची जुनी परीक्षा घरी सहज करता येते. विस्तवावर टाकला तर तो जळतो, उन्हात मऊ पडतो, कोमट पाण्यात घोटला तर पाणी दुधासारखं पांढरट होतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे शेवटचं मला फार आवडतं. गुग्गुळात राळेसारखा भाग असतो तसा पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. डिंक राळेच्या बारीक थेंबांना पाण्यात धरून ठेवतो, म्हणून ते दूध दिसतं.

त्याचे औषधी उपयोग आयुर्वेदात मुख्यतः कल्पांच्या, म्हणजे इतर औषधांबरोबर केलेल्या मिश्रणांच्या, रूपात आहेत. सांधेदुखीला योगराज गुग्गुळ, मूळव्याध-भगंदर आणि जखमांना त्रिफळा गुग्गुळ, गाठींना कांचनार, लघवीच्या तक्रारींना गोक्षुरादि, मोडलेल्या हाडाला लाक्षादि. सासरे आणखी एक भेद पाळायचे. नवा गुग्गुळ बृंहण, म्हणजे अंग भरणारा, आणि जुना लेखन, म्हणजे मेद खरवडणारा. म्हणून बरण्यांवर साल लिहिलेलं असायचं. महायोगराज मात्र ते हात राखूनच द्यायचे. त्यात धातूंची भस्मं असतात, नाग म्हणजे शिसंसुद्धा. नावात 'महा' आहे म्हणून दुकानातून आपल्या मनानं आणून खायचं ते औषध नव्हे.

कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळ घेणारे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि रक्तातली चरबी उतरलेली दिसली. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं पुढे त्यातून गुग्गुलिपिड हे औषध काढलं. पण 2003 मध्ये अमेरिकेत 103 माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं चढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या तर मी एवढंच सांगेन की कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून त्या जागी गुग्गुळ घेऊ नका. गरोदरपणी तो नकोच. थायरॉइडचं, रक्तदाबाचं किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता ते बाहेरचं पोतं.

गुग्गुळाचं झुडूप आपल्याकडचंच आहे. ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे गेलं की चंबळ नदीचे बीहड, म्हणजे मातीच्या खोल घळी, लागतात. तिथल्या उतारांवर ते उगवतं. राजस्थानात आणि कच्छातही होतं. काटेरी, वेडंवाकडं, माणसापेक्षा थोडं उंच, वर्षातले कित्येक महिने बिनपानांचं. कागदासारखी पातळ साल सुटत असते. बघणाऱ्याला वाटतं वाळून गेलंय. चीक काढण्याजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात आणि नीट, उथळ चीर देऊन काढला तर एका झाडाचा हंगामभराचा गुग्गुळ पाव ते अर्धा किलो भरतो. तेवढ्यावर भागत नाही म्हणून खोल घाव घालतात, पात्याला रसायन लावतात. त्या वर्षी चीक भरपूर येतो आणि झाड मरतं. आज गुग्गुळ अतिधोक्यातल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत आहे.

आणि हा चीक आपण रोज तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो! नवरात्रात तर मूठमूठ. मला हे बघवत नाही. ज्याची एक गोळी करायला एवढा खटाटोप, तो डास पळवायला?

धुपाला साळई घ्या. पंसारी तिला सालई गुग्गुल म्हणतो, शास्त्रात ती शल्लकी. पिवळसर, पारदर्शक खडे आणि वास गुग्गुळापेक्षा गोड. हीसुद्धा आपल्याच मुलुखातली, श्योपूरच्या जंगलात साळईचे मोठमोठे वृक्ष आहेत. तिथले सहरिया आदिवासी तिचा चीक काढतात. पावसाळ्यापूर्वी खोडाची साल थोडी खरवडून चीक गोळा करतात आणि पातळ रस निथळून जावा म्हणून बांबूच्या टोपल्यांत ठेवतात. त्याच जंगलातल्या कुनो अभयारण्यासाठी 24 गावं उठवली, तेव्हा सहरिया कुटुंबांची पिढ्यानपिढ्यांची साळईची झाडं आतच राहिली. सप्टेंबर 2022 मध्ये तिथे चित्ते आले. आता आमच्या गल्लीतले लोक गाड्या करकरून कुनोला जातात. चित्ते बघा, पण ही झाडंही बघा, आणि ती कुणाची होती हेही विचारा.

साळई झाड म्हणून धिप्पाड असली तरी तिलाही बेताबेतानंच चीर द्यावी लागते. म्हणून धुपाला चिमूटभरच पुरे, सोबत राळ आणि थोडा ऊद. साळई सांधेदुखीवरही चालते. तिच्यातली बोस्वेलिक आम्लं सूज आणणाऱ्या एका विकराला अडवतात आणि गुडघेदुखीवर झालेल्या छोट्या चाचण्यांत दुखणं कमी झालेलं दिसलंय. माझ्या गुडघ्यांना वैद्यबुवांनी शल्लकीच दिली आहे. जिना उतरताना फरक कळतो, चढताना फारसा नाही.

बाळ-बाळंतिणीच्या धुरीबद्दल थोडं. आमच्याकडे शेगडीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि गुग्गुळ घालायची पद्धत होती. ओवा-शेपा राहू द्या, गुग्गुळ वगळा आणि धुरी करायचीच तर खोलीची खिडकी उघडी ठेवून, बाळ दुसरीकडे असताना करा. कोंडलेला धूर तान्ह्याच्या छातीला सोसत नाही, मग तो कशाचाही असो.

रोपवाटिकेतून आणलेलं गुग्गुळाचं एक झुडूप माझ्या गच्चीवर आहे. पहिल्या पावसात बोटाच्या जाडीची, वीतभर लांब फांदी वाळूमिश्रित मातीत खोचली की ती लागते. पाणी मात्र साचू द्यायचं नाही. लष्करातल्या कुणाला फांद्या हव्या असतील तर आषाढात घेऊन जा. बीहडातून उपटून आणू नका.